उजवीकडे जड जाणारं स्टिअरिंग

सर्वात आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये विचारायला नको. मी देवभोळा नाही. वडील भिक्षुकी करणारे, आणि मी अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट. आमच्या घरात देवाचं खातं अण्णांकडे आणि उडालेल्या फ्यूजचं माझ्याकडे, अशी वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचतो, नाही असं नाही... पण निम्म्या वेळा "अहो, वायरिंग तपासा" असं लिहून लोकांचा रोष ओढवून घेणारा तो मीच. त्यामुळे आज मला हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी पाळी आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर. अमरावतीला राहतात. पस्तीस-चाळीस वर्षं सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, लग्नं. त्यांच्याकडे पंधरा वर्षं जुनी एक कार आहे. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. हल्लीच्या गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. अण्णांचं या गाडीवर फार प्रेम. श्रावणात दिवसाला तीन-तीन पूजा असत. वलगाव, चांदूर बाजार, मोझरी... सोवळं डिकीत आणि अण्णा स्टिअरिंगवर.

गेल्या श्रावणात वलगावच्या एका यजमानांकडे पूजा सांगताना अण्णांच्या उजव्या हातातून पळी खाली पडली. त्यांनी ती उचलायला हात नेला, तर हात गेलाच नाही. अर्धांगाचा झटका. यजमान भला माणूस, पंधरा मिनिटांत त्यांनी अण्णांना अमरावतीला हॉस्पिटलात पोचवलं. जीव वाचला, पाय वाचला, बोलणंही आठवड्याभरात बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र खांद्याला नुसता लटकलेला.

आता भिक्षुकाचा उजवा हात म्हणजे काय, हे बाहेरच्यांना चटकन कळायचं नाही. आचमन उजव्या हाताने, संकल्पाचं उदक उजव्या हाताने, अक्षता उजव्या हाताने. डावा हात त्या कामात चालतच नाही. मी एकदा हॉस्पिटलात म्हटलं, "अण्णा, देव काय हात बघत बसतो का?" ते म्हणाले, "डाव्या हाताने दिलं तर देव घेणार नाही असं मी म्हणत नाही. पण मी देणार नाही." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले. अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी ते पाहू दिलं नाही.

तीन दिवसांनी मी गाडी आणायला वलगावला गेलो. किल्ली देताना यजमान म्हणाले, "भाऊ, गाडीत काहीतरी बिघाड हाय बरं का. गुरुजींले दवाखान्यात नेलं अन् मंग मी गाडी फाटकातून बाजूले घ्याले गेलो, त चाक उजवीकडं वयतच नव्हतं. डावीकडं मात्र फर्स्टक्लास."

मी बसून पाहिलं. खरंच. डावीकडे एका बोटाने फिरत होतं आणि उजवीकडे दोन्ही हातांनी जोर लावावा लागत होता. नंतर अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, सकाळी येताना लोण्यासारखी होती. मी ते काही मनावर घेतलं नाही. जुनी गाडी, कधी ना कधी बिघडायचीच. अमरावतीत ती चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी ती अकोल्याला घेऊन आलो.

अकोल्यात बाळापूर रोडला गफ्फारभाईंचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, तीस वर्षं फक्त स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचं काम. मला त्यांची तपासायची पद्धत आवडते, कारण ते आमच्या लॅबमधल्या पोरांसारखे आधी उत्तर लिहून मग प्रयोग करत नाहीत. त्यांनी आधी टायरची हवा बघितली. मग पट्टा दाबून पाहिला. मग तेलाच्या डबीचं झाकण उघडलं, दोन बोटांवर तेल घेऊन चोळलं, वास घेतला. लालभडक, स्वच्छ, जळका वास नाही, खुणेपर्यंत भरलेलं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं आणि डबीत बुडबुडे येतात का ते पाहिलं. हवा अडकली असेल तर फेस येतो. फेस नव्हता. शेवटी पंपाच्या पाइपमध्ये त्यांनी दाबाचा गेज जोडला.

डावीकडे पूर्ण वळवल्यावर काटा जिथे जायला हवा तिथे गेला. उजवीकडे वळवल्यावर निम्म्यावर येऊन थांबला.

गफ्फारभाई हात पुसत म्हणाले, "सर, पंप म्हंजे गाडीचं दिल. दिल बराबर हाय. पन येच्या उजव्या हाताले रक्त नाई पोचून राहिलं."

त्यांना अण्णांचं काहीही माहीत नव्हतं. मी कॉलेजला सुट्टी कशाला घेतली होती तेही सांगितलेलं नव्हतं. त्यांची ती बोलायचीच पद्धत आहे, क्लचला ते गुडघा म्हणतात. तरी मी गेजचा काटा पुन्हा एकदा वाचला.

त्यांचं निदान असं की स्टिअरिंगच्या रॅकमध्ये, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या नळकांड्यात, आतलं सील गेलंय, उजवीकडचा दाब आतल्या आत गळतोय. आख्खा रॅकच बदलायचा. नागपूरहून यायला दोन-तीन आठवडे लागतील. "तवर चालवा, पन जपून. अन् एक ध्यानात ठेवा, सील कदी आपोआप दुरुस्त होत नसते. दिवसेंदिवस बिघडतच जाईन."

आता माझा स्वभाव. बिघडतच जाणार, तर किती वेगाने बिघडतं ते मोजू या! कॉलेजच्या लॅबमध्ये वीस किलोचा जुना स्प्रिंग बॅलन्स धूळ खात पडला होता. त्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवायचा, काटकोनात ओढायचं, आणि चाक हलायला लागलं की आकडा वाचायचा. दर शनिवारी दुपारी, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, त्याच काँक्रीटवर, टायरची हवा तपासून, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून. पहिल्या शनिवारी डावीकडे तीन किलो, उजवीकडे बारा.

दुसऱ्या शनिवारी बारा. तिसऱ्या शनिवारी अकरा. मग साडेदहा. मग नऊ.

म्हणजे गाडी सुधारत होती. बिघडायची सोडून! डावीकडे तीनचे तीनच, उजवीकडे मात्र आकडा उतरत चाललेला. मी काटा तपासला, लॅबमधली वजनं टांगून पाहिली. काटा ठीक होता. गफ्फारभाईंकडे जाऊन पुन्हा गेज लावला, तर उजवीकडचा दाबही वर आलेला. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "सर, खरं सांगा, बाजारातलं कोनतं लिक्विड टाकलं का तुमी यात?" मी म्हटलं, थेंबसुद्धा नाही. ते म्हणाले, "मंग मले समजून नाई राहिलं."

त्याच्या पुढच्या शनिवारी एकदम अकरा आले. मला हायसं वाटलं... पण आधीच्या रांगेत ते बसेना. मी ठरवलं की माझंच काहीतरी चुकलं असणार, आणि तो आकडा खोडून टाकला. विद्यार्थ्यांना आम्ही नेमकं हेच करू नका म्हणून सांगतो.

बहुतेक रविवारी मी अमरावतीला जात होतो. दसऱ्याआधीच्या एका रविवारी आई पंचांग उघडून समासात काहीतरी लिहीत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अण्णांचा हात मांडून ठेवते." तिची स्वतःची पद्धत होती. फिजिओथेरपीवाला बॉल दाबायला देतो, ते वेगळं. आई रोज सकाळी अण्णांचा उजवा तळहात आचमनाला करतात तसा गाईच्या कानासारखा करायला लावायची आणि त्यात पळीने पाणी घालायची. न गळता किती पळ्या राहतं, तो आकडा समासात. आधी बरेच दिवस शून्य होतं. मग एक. मग दीड. मग तीन.

मी सहज चाळत होतो. एका आठवड्यात तीनवरून एकदम एक झालेला होता.

"इथे काय झालं होतं?"

"अरे, ताप नाही का आला होता त्यांना? त्या रविवारी तू नेमका आला नव्हतास, आणि तुला कळवलं नव्हतं, उगाच घोर लावून घेशील म्हणून. चार दिवस हातात एका पळीवर काही राहतच नव्हतं."

तारीख पाहिली. मी खोडलेल्या अकराचा शनिवार.

मी पंचांगाच्या पानांचे फोटो काढले आणि अकोल्याला येऊन माझी वही शेजारी ठेवली. नऊ किलो होते तेव्हा तीन पळ्या. अकरा किलोला एक. बारा किलोला शून्य. बेरीज दर वेळी बारा, अर्धा इकडेतिकडे धरून. मग मी काय केलं असेल? स्वतःच्या तळहातात पाणी घालून पाहिलं. माझ्या धडधाकट हातात नऊ पळ्या राहिल्या. आणि धडधाकट डाव्या बाजूला स्टिअरिंग तीन किलोचं. नऊ अधिक तीन.

मी किचनमध्ये हात ओला घेऊन उभा होतो आणि सुषमा, माझी बायको, म्हणाली, "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, काही नाही.

तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही हेच म्हणालो. काळाबरोबर सुधारणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींशी जुळतातच. रॅकमध्ये घाण अडकली असेल, ती हळूहळू सुटली असेल. पण मग तो तापाचा आठवडा? म्हणून मी एक चाचणी ठेवली. शनिवारी दुपारी माझा आकडा वहीत लिहायचा, त्यावरून अण्णांच्या पळ्या किती असतील ते लिहायचं, आणि मगच आईला फोन करायचा. आईला यातलं काही सांगितलं नाही. चार शनिवार केलं. चारही वेळा बरोबर आलं. चौथ्या वेळी फोन ठेवल्यावर मी घरभर फेऱ्या मारत होतो. भीती वाटत होती का? खरं सांगू, नाही. मजा वाटत होती, इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत न वाटलेली.

दिवाळीपर्यंत स्टिअरिंग सहा किलोवर आलं आणि अण्णांच्या हातात सहा पळ्या राहू लागल्या. आणि तिथेच दोन्ही थांबले. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, सहा आणि सहा.

नागपूरहून रॅक केव्हाच आला होता. गफ्फारभाईंचे फोन येत होते आणि मी थापा मारत होतो... परीक्षा आहे, बाहेरगावी आहे, सर्दी झालीय. कारण उघड होतं. तो रॅक काढला तर काय होईल, हे मला माहीत नव्हतं. स्टिअरिंग तीन किलोचं झालं तर बेरजेने अण्णांच्या नऊ पळ्या व्हायला हव्यात. पण आधी जुना रॅक बाहेर निघणार, तेल वाहून जाणार, तेव्हा काय? फिजिक्सवाला माणूस, आणि एका पान्याला घाबरून बसलो होतो. कोणाला सांगायची सोय नव्हती.

मग जानेवारीतल्या एका रविवारी बडनेऱ्याच्या अलीकडे मी उजवीकडे वळत होतो आणि समोरून ट्रक आला. हलकं स्टिअरिंग असतं तर एका झटक्यात वळलो असतो. तेवढा झटका मला देता आला नाही. ट्रकवाल्याने गाडी कच्च्यात घातली म्हणून वाचलो. सुषमा शेजारी होती आणि मुलगी मागच्या सीटवर, ट्रकच्या बाजूला.

अण्णांच्या घरी पानं वाढली, आणि मग सुषमाने सगळं बाहेर काढलं. तिने माझी वही वाचलेली होती! "अण्णा, रॅक येऊन तीन महिने झाले. हे बदलत नाहीयेत, कारण यांना वाटतं की तुमचा हात गाडीत अडकलाय."

आईचा हात भाताच्या भांड्यावर थांबला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते.

"विन्या, तू बी.एस्सी. आहेस ना रे? मी भटजी आहे, तरी असलं काही माझ्या पोथीत नाही. आणि तू काटे लावून राहिला गाडीला?" घास पुरा करून म्हणाले, "उद्याच बदलून टाक. मीही येतो."

आई हळूच म्हणाली, "पौष चालू आहे..."

"गॅरेजला मुहूर्त लागत नाही," अण्णा म्हणाले.

सोमवारी सकाळी अकराला आम्ही गफ्फारभाईंकडे होतो. त्यांनी अण्णांना सावलीत खुर्ची दिली, चहा मागवला. अण्णा मजेत होते, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, विचारत होते. गाडी वर चढवली. गफ्फारभाई खाली गेले. "सर, पयले तेल काढतो बरं का," म्हणाले आणि त्यांनी पाइपचा नट सैल केला. लाल तेल ट्रेमध्ये पडायला लागलं.

मी गाडीकडे बघत नव्हतो. अण्णांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं, कोणीतरी तो ओढून नेत असावं तसं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. कपाळावर घाम, तोही जानेवारीत. तेल निथळून थांबेपर्यंत ते तसेच बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. पाचही हलली. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाले, "डास फार आहेत इथे."

दोन तासांत नवा रॅक बसला. डावीकडे तीन किलो, उजवीकडे तीन. संध्याकाळी आईने पळी घेतली. अण्णांच्या तळहातात सहा पळ्या राहिल्या. कमी नाही आणि जास्तही नाही. बारा वजा तीन नऊ, पण आल्या सहाच. बेरीज मोडली ती मोडलीच. आजही सहा आहेत. फिजिओवाले म्हणतात, आता एवढाच राहील.

दुसऱ्या दिवशी गफ्फारभाईंनी जुना रॅक उघडला आणि मला बोलावून घेतलं. आतली सगळी सीलं शाबूत. व्हॉल्व्हवर ओरखडा नाही, कचरा नाही. त्यांनी तो दाखवला आणि म्हणाले, "सर, येच्यात काईच नाई. हा जड जाऊच शकत नाई. आमी दोघायनं काय पायलं मंग इतके दिवस?" मी माझी वही आणि पंचांगाचे फोटो घेऊन बसलो की अजून तोच प्रश्न माझ्यापुढे असतो. दाबाचा गेज त्यांचा, काटा माझा, पळी आईची. तिघांचीही एकसारखी चूक कशी होईल? आणि चूक नसेल, तर काय होतं ते? मला उत्तर सापडलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा, "वायरिंग तपासा" असं लिहिलंत तरी चालेल.

गॅरेजमधून अमरावतीला परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो, ते मात्र सांगायला हवं. मूर्तिजापूर मागे पडलं. मग विचारलं, "अण्णा, काल तर तुम्ही हसला होता. पोथीत नाही म्हणालात."

"नाहीच आहे पोथीत."

"मग नट सैल केला तेव्हा...?"

ते बाहेरच्या तुरीकडे बघत म्हणाले, "तुझी आई रोज पळी धरायची. मला आतून कळत होतं रे, हात माझ्यापाशी नाही, कुठेतरी दुसरीकडे आहे. सुषमाने तुझ्या वहीचं सांगितलं तेव्हा कळलं कुठे आहे ते."

"आणि गेला असता तर? सहाच्या शून्य झाल्या असत्या तर?"

"गेला असता तर गेला असता. तुझी पोरगी मागे बसते या गाडीत."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी म्हटलं, "मग हसलात कशाला?"

अण्णा म्हणाले, "हसलो नसतो, तर तू त्यांना नट खोलू दिला असता का?"